राखाडी चौकटीतलं निळं दार

आमच्या मुळशीत कुणाला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्याचंच बोलणं त्याला परत ऐकवायची रीत आहे. ग्रामसभेत येऊन बघा. एकजण उठून म्हणतो, टाकीचं पाणी वरच्या आळीला येत नाही. दुसरा लगेच उत्तर देत नाही. तो आधी टोपी सारखी करतो, चारी दिशांना बघतो आणि म्हणतो, "आत्ता आमचे बंधू काय म्हनले? वरच्या आळीला पानी येत न्हाई म्हनले. म्हनले का न्हाई?" पहिल्याला "व्हय, म्हनलो" असं कबूल करावं लागतं. मग भांडण. मागाहून "मी तसं म्हनलोच नव्हतो" म्हणायची सोय राहत नाही, कारण सगळ्या गावानं ते दोनदा ऐकलेलं असतं.

मी या रीतीत वाढलो आणि वर धंद्यानं निवेदक झालो. कुस्त्यांचा फड, लग्नं, सत्कार, कंपन्यांतल्या खंडेनवमीच्या पूजा, जिथं माइक तिथं मी. पाहुणे दोन वाक्यं बोलतात, मी त्यांची चार करून लोकांना परत देतो. पाहुण्यांनाही वाटतं, अरे वा, मी बराच बोललो की!

तर अशा माणसाच्या हातात इंटरनेटवरचा चर्चेचा मंच पडला. आमच्या तालुक्यातल्या लोकांसाठी आहे. बावधनचे फ्लॅटवाले, पिरंगुटचे खोल्यांतून राहणारे, आम्ही माले गावचे, सगळे त्यावर खड्डे, वीज आणि बिबट्या या विषयांवर लिहितो. खऱ्या नावानं कुणी लिहीत नाही. माझं टोपणनाव 'खणखणीत'. त्या मंचावर प्रत्येक मजकुराखाली एक बटण आहे: अवतरण. ते दाबलं की समोरच्याचं सगळं लिखाण राखाडी चौकटीत तुमच्या उत्तरात येऊन बसतं, वर ओळ येते, 'अमुक यांनी लिहिले', आणि खाली तुम्ही आपलं लिहायचं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो. आमच्या ग्रामसभेचं कुणीतरी बटण करून ठेवलं होतं!

मग मी सुटलोच. एका बाईंनी बिबट्यावर भला मोठा निबंध लिहिला होता. तो अख्खा चौकटीत घेऊन मी खाली लिहिलं, 'बापरे.' कुणीतरी तक्रार केली, 'खणखणीतराव, जरा कापून घेत चला, खाली सरकवून बोट दुखतं.' ती तक्रार पूर्ण चौकटीत घेऊन मी लिहिलं, 'नाही.' कापाकापी मला जमत नाही. माणसाचं बोलणं घ्यायचं तर अख्खं घ्यावं.

इतकं सगळं हसतखेळत सांगतोय, कारण पुढचे दोन दिवस मी हसलेलो नाही.

गुरुवार होता, म्हणजे कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी. सकाळी नऊच्या सुमारास मंचावर कुण्या फ्लॅटवाल्यानं विचारलं होतं, 'परवा संध्याकाळी उरवड्याच्या बाजूला कसला धूर दिसत होता?' त्याखाली 'आईची पुण्याई' या टोपणनावाच्या माणसानं लिहिलं होतं. ते मला आजही शब्दन् शब्द येतं:

'आमच्या कंपनीत पॅकिंगच्या शेडमधी मशीनीतून धूर निघाला. आमी समदे पुढल्या दाराला पळालो. मागलं दार हाय, पन दुसऱ्या पाळीला ते साखळीनं बांधत्यात, माल भायेर जातो म्हनून. पुठ्ठ्याच्या थप्प्यांच्या मागं, पान्याच्या कूलरच्या डाव्या अंगाला निळं दार. त्याच्या म्होरं भंगार खुर्च्या टाकल्यात. पुढं आग लागली तर आमी जायचं कुटं? कुनीतरी सांगा.'

मी अवतरण दाबलं. अख्खं चौकटीत आलं. खाली मी लिहिलं, 'साखळी जनावराला बांधतात, माणसांच्या दाराला नव्हे! शाबास, मर्दा! पुढे ये, सगळा तालुका तुझ्या पाठीशी उभा आहे!' आणि चहा-पेपर उरकून समाधानानं अंघोळीला गेलो. निवेदकाला पाठीशी उभ्या तालुक्याची फार सवय असते. कार्यक्रम संपला की तो तालुका सतरंजीबरोबर गुंडाळला जातो, हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं.

अंघोळ करून बाहेर आलो तर शेजारी दारात उभा. हा माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, उरवड्याच्या कंपनीत कंत्राटी कामगार. कंत्राटी म्हणजे कसं, गेटवर कुणीतरी "उद्यापास्नं नको" म्हणतं आणि तेवढ्यावर संपतं. घरात त्याच्या एकट्याच्या पगारावर चालतं. चेहरा राखेसारखा झाला होता.

"दादा, काढा ते."

"काय काढू?"

"माझं लिवल्यालं. तुमी उतरवून घेतलंय न्हवं, ते. मी माझं काढलं. बायकूनं वाचलं आन तवा चुलीवर तसाच ठिवून पळत आली, म्हनली आदी ते पुसा. मी पुसलं. तुमचं हाय तसंच हाय."

"म्हणजे 'आईची पुण्याई' तू?"

त्यानं अंगणातल्या त्याच्या मोटारसायकलकडे बोट केलं. मागच्या मडगार्डवर पिवळ्या रंगात, फुलाच्या वेलासकट, ठसठशीत लिहिलेलं होतं: आईची पुण्याई. सहा वर्षं मी ते रोज बघत होतो. आणि ती गाडी रोज कंपनीच्या गाड्यांच्या शेडमध्ये, गेटच्या अगदी समोर, मागची बाजू ऑफिसच्या खिडकीकडे करून उभी असायची.

"लेका, टोपणनाव घेताना दुसरं काही सुचलं नाही?"

"दुसरं कशाला सुचंल? माझं तेच हाय."

मी फोन उघडला. हात ओले होते, बोटाचा ठसा तीनदा नाकारला. उत्तराखाली 'बदला' असं बटण असायचं, तिथं आता ओळ होती: बदलण्याची अर्ध्या तासाची मुदत संपली आहे. आणि पानाच्या अगदी तळाशी, जिकडं मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं तिथं, बारीक अक्षरात: हे पान आत्ता पाहत आहेत, सभासद २, पाहुणे ११.

दोन सभासद म्हणजे मी आणि तो, दोघंही आपापल्या फोनमधून. अकरा पाहुणे कोण?

मी बघत असतानाच अकराचे बारा झाले. हजार माणसांसमोर मी माइक धरलेला आहे, पण ती मला दिसत होती. ही बारा दिसत नव्हती.

बायको ओट्यापाशी उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "मी किती वेळा सांगितलं, दुसऱ्याचं तोंड वापरू नका. तुमचं स्वतःचं काय लहान आहे?"

मंचाचा ॲडमिन बावधनला राहतो. फोन घेत नाही. तक्रारीचा अर्ज भरा, दोन दिवसांत उत्तर मिळेल, असा त्याचा खाक्या. आमच्याकडे दोन दिवस नव्हते, शुक्रवारी सकाळी कंपनी उघडणार होती. मंचाच्या एका स्नेहमेळाव्याला मी त्याच्या घरी जाऊन आलो होतो, म्हणून पत्ता माहीत. निघालो. गाडी अर्थातच तीच, पुढं शेजारी, मागं मी. मी माझी कापडी पिशवी मागच्या हँडलला अशी अडकवली की मडगार्ड झाकलं जावं, पण पौडपर्यंत पिशवी वाऱ्यानं उडून 'पुण्याई' उघडी पडत होती. शेवटी मी एक हात मागं नेऊन ती दाबून धरली. पंचवीसेक किलोमीटर असा बसलोय मी, पाठीमागं कुणी लाथ मारणार असल्यासारखा.

पिरंगुटला उरवड्याच्या फाट्यावर गाड्या तुंबल्या होत्या. आमच्या मागं एक पांढरी मोटार येऊन थांबली. शेजारी आरशातून बघत पुटपुटला, "दादा, सायेब."

"कोण साहेब?"

"कंपनीचं. मागं बगू नका."

माझा हात पिशवीवर इतका घट्ट होता की बोटं पांढरी पडली. मी हळूच म्हणालो, "खात्री आहे?"

"न्हाई. पांढऱ्या समद्या तशाच दिसत्यात."

मोटार पुढं निघून गेली. आत एक म्हातारी आणि तिच्या मांडीवर कुत्रं होतं. शेजारी हसला नाही. मीही नाही.

ॲडमिन तिसऱ्या मजल्यावर राहतो. सेवानिवृत्त माणूस, घरातही इस्त्रीचा शर्ट. दार उघडल्यावर त्यानं आधी आमच्या चपलांकडे आणि मग आमच्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे कपाटातून एक छापील कागद काढला.

"नियम सातवा. वाचा."

"साहेब, आत्ता..."

"वाचा, वाचा. तुमचा आवाज चांगला आहे म्हणतात."

मी वाचलं. 'उत्तर देताना समोरच्याचा संपूर्ण मजकूर अवतरणात घेऊ नये; संबंधित वाक्यापुरतेच घ्यावे. मूळ लेखकाला आपला मजकूर मागे घेण्याचा हक्क आहे, हे ध्यानात असावे.'

"कधी वाचला होता?"

"कधीच नाही."

"अहो, तुम्ही बिबट्याचा निबंध अख्खा घेतला होतात, तेव्हाच मी ओळखलं की हा गृहस्थ एक दिवस कुणाला तरी अडकवणार." असं म्हणून तो संगणकापुढं बसला. "काढून टाकतो. दोन मिनिटांचं काम."

शेजाऱ्यानं इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा नियमांचा कागद हलला. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं त्या कंपनीच्या साहेबांचं. दरवर्षी खंडेनवमीच्या पूजेला तेच मला बोलावतात. सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला आजवर कधी फोन केला नव्हता. माझी फोन उचलायची सवयही निवेदकाचीच, आवाज सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा उघडा. बंद करायचं भान राहिलं नाही.

"काय हो, ते 'खणखणीत' म्हणजे तुम्हीच ना? तुमच्या पाठीशी सगळा तालुका असतो म्हणून विचारलं."

"हो साहेब."

"मला कुणीतरी एक फोटो पाठवलाय तुमच्या उत्तराचा. मागचं दार, साखळी, कूलर. हे आमच्याबद्दल दिसतंय. फोटोत वरची ओळ तुटलीये. हे तुम्ही लिहिलंय, की दुसऱ्या कुणाचं उतरवलंय?"

ॲडमिनचा हात माउसवर थांबला. शेजारी भिंतीला टेकला. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: खरं सांग आणि मोकळा हो. बोलणं त्याचं, मी नुसतं परत ऐकवलं. ग्रामसभेत एवढंच तर असतं. मी शेजाऱ्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, ॲडमिनच्या घरातल्या स्वच्छ फरशीकडं बघत होता, आपले पाय तिथं शोभत नाहीत अशा नजरेनं.

"माझंच आहे, साहेब."

"मग चौकटीत कशाला टाकलंत?"

"सवय. आधी स्वतःचंच म्हणतो, मग स्वतःच शाबासकी देतो. मला दुसरं कोण देणार?"

ते हसले नाहीत. "आणि तुम्हाला दार कुठं दिसलं?"

"खंडेनवमीला. हात धुवायला जागा शोधत मागं गेलो होतो."

"पूजा सकाळी असते. यात दुसऱ्या पाळीचं लिहिलंय."

"दुसऱ्या पाळीवाल्यांना प्रसाद देईपर्यंत थांबलो होतो ना. तुम्हीच म्हणालात, थांबा, त्यांनाही दोन शब्द ऐकवा." हे मात्र खरं होतं. नशीब, की मला कुठंही थांबवलं तर मी थांबतो.

मग ते म्हणाले, "उद्या अकराला या. कुठं बघितलंत ते दाखवा मला."

फोन बंद झाला. ॲडमिन खुर्ची वळवून माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "आता हे काढून टाकलं तर त्यांना वास येईल. एक करू शकतो. चौकट आणि वरची नावाची ओळ काढतो. मजकूर राहील. पण मग तो तुमचा ठरेल, कायमचा."

"भाषा?" मी विचारलं. "'भायेर', 'म्होरं' असं लिहिलंय. मी तसं लिहीत नाही."

"तुम्ही मालेचेच ना?"

"हो."

"मग कुणाला शंका येणार नाही," असं म्हणून त्यानं कळ दाबली. मला जरा लागलंच ते.

घरी येताना शेजारी एकच वाक्य बोलला, घोटवड्याच्या फाट्यापाशी. "दादा, तुमी मागलं दार बगितलंय का खरंच?"

"नाही रे बाबा."

त्यानंतर त्यानं गाडी फार सावकाश चालवली.

शुक्रवारी अकराला मी गेटवर होतो. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, सत्काराला जातो तसा. रखवालदारानं वहीत सही घेतली, ती माझी मलाच ओळखू आली नाही. साहेब बाहेर आले, नमस्कार केला आणि शेडच्या तोंडाशी हात पसरून म्हणाले, "चला, तुम्ही पुढं व्हा. मी मागून येतो."

पूजा होते ती पुढच्या अंगणात. शेडच्या आत मी कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. आत केवढी तरी लांब जागा, टेबलं, यंत्रांचा आवाज, आणि तीस-चाळीस माणसं एकदम मान वर करून बघणारी. आठवड्याची पाळी बदलून शेजारी सकाळीच कामावर होता. त्यानं तेवढी मान वर केली नाही. खोक्याला चिकटपट्टी लावत राहिला, एकाच खोक्याला, पुन्हा पुन्हा.

मी डोळे मिटल्यासारखे केले आणि त्याचं लिखाण मनात पहिल्यापासून म्हणायला लागलो. अख्खं घेतलं होतं ना मी? एक शब्द कापला नव्हता. पुठ्ठ्याच्या थप्प्या. कुठं आहेत थप्प्या? त्या तिथं, उजव्या हाताला, माणसाहून उंच. मी तिकडं वळलो. पाण्याचा कूलर. थप्प्यांच्या मागून कूलरची कड दिसली तेव्हा मला त्याला मिठी मारावीशी वाटली. त्याच्या डाव्या अंगाला. डावं कुणाचं, माझं की कूलरचं? तिथं क्षणभर मी थांबलो, आणि मागून साहेबांची पावलंही थांबली.

मी माझ्या डावीकडं गेलो. निळं दार.

"हे," मी म्हणालो. माझा आवाज, ज्याच्यावर मी पोट भरतो, तो उंदरासारखा निघाला.

दाराला साखळी नव्हती. पुढं भंगार खुर्च्याही नव्हत्या. दोन्ही मुठींवर रंग गोल घासून गेला होता, खाली लोखंड चमकत होतं, आणि फरशीवर खुर्च्यांच्या पायांचे गंजाचे ठिपके होते, कालपर्यंतचे.

साहेबांनी माझ्याकडं बघत मूठ दाबली. दार कुरकुरत उघडलं. बाहेर गवत, त्यापलीकडं कुंपण, आणि लख्ख उन्हाचा उजेड सरळ आत आला.

"कुठाय साखळी?" साहेबांनी विचारलं.

आता इथं रीतीप्रमाणं मी त्यांचं वाक्य परत म्हणायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. "नाहीच आहे, साहेब," मी म्हणालो. "चूक झाली असेल माझी."

"तसं मंचावर लिहा."

"लिहितो."

गेटपर्यंत सोडायला आले, तेव्हा अगदी गोड आवाजात म्हणाले, "यंदा खंडेनवमीला आम्ही जरा साधंच करतोय. माइक वगैरे नको म्हणतायत वरचे." मी मान डोलावली. अकरा वर्षं त्या अंगणात मी नारळ फुटताना जयजयकार करत आलो होतो.

घरी येऊन मी मंचावर लिहिलं, 'दाराला साखळी नाही. आज स्वतः पाहिलं, दार उघडतं.' तीही ओळ खरीच होती, म्हणून लिहिताना फारसं जड गेलं नाही.

शेजारी संध्याकाळी पाळी संपवून आला, तो आमच्याकडं न येता अंगणात गाडीपाशी बसला. हातात रंगाचा डबा आणि ब्रश. 'आईची पुण्याई'वर काळा हात फिरवत होता. वेल मात्र राहू दिला.

"दार उगडं हाय अजून," मान खाली घालूनच तो म्हणाला. "वारा येतोय चांगला. पुठ्ठं उडत्यात, म्हनून कुरकुर चाललीया सायबाची."

"आणि तू?"

"मला कुनी काय म्हनलं न्हाई."

थोड्या वेळानं आत आलो तर फोन वाजला, मंचाची सूचना. 'वेल' नावाच्या नव्या सभासदानं माझं उत्तर अवतरणात घेतलं होतं. राखाडी चौकट, वर ओळ, 'खणखणीत यांनी लिहिले', आत मशीन, धूर, थप्प्या, कूलर, निळं दार, सगळं अख्खं, आणि खाली फक्त दोन शब्द: 'लई बेस.'

खिडकीतून मी बाहेर बघितलं. तो ब्रश खाली ठेवून फोन दोन्ही हातांत धरून हसत होता. मडगार्डवर वेल ओला चमकत होता.

मी अनवाणीच पळत सुटलो. "काढ ते!" ओरडलो. "लेका, अर्ध्या तासाच्या आत काढ!"